डाव्या तोंडाचा शंख

बंदराकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत चांदीची दोनच दुकानं होती आणि ती समोरासमोर होती. समोरासमोर असण्याचा एक फायदा असतो. समोरून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं बाहेर पडलं, की त्याला हाक मारून बोलवावं लागत नाही. नुसतं खाकरलं तरी पुरतं. गेली एकतीस वर्षं दोन्ही दुकानांतून नियमित खाकरलं जात होतं, आणि गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटे, की चांदीच्या धंद्यात घसा बसतो.

एक दुकान काकांचं, दुसरं मामांचं. काका हे सगळ्या गल्लीचेच काका. मामा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, अर्थात काकांचे मेहुणे. काकांच्या मुलीनं बोबड्या वयात त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीनं ते पद कायम करून टाकलं. मुलगी पुढे लग्न करून दूर गेली, मामा मामाच राहिले.

दोघांचा मालही एकच. चांदीचे शंख, चांदीचे शिंपले, जाळ्याच्या विणीची कडी, नांगराच्या आकाराच्या अंगठ्या, आणि खेकड्याची कानातली, ज्यांच्या नांग्या केसांत अडकतात अशी बायकांची तक्रार होती आणि तरीही ती खपत होती. माल करायची पद्धतही एकच, म्हणजे जवळजवळ एकच. माकूल नावाचा एक समुद्रप्राणी असतो. तो मेला की त्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं, खडूसारखं हाड लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं. त्याला समुद्रफेस म्हणतात. हे हाड उभं चिरायचं, आतल्या मऊ भागात आकार करायचा, दोन अर्धुकं तारेनं बांधायची आणि वरून वितळलेली चांदी ओतायची. चांदी थंड झाली की हाड जळून भुगा झालेलं असतं आणि आत शंख तयार असतो, अंगावर हाडाच्या थरांच्या बारीक लाटा उमटलेला. एक हाड, एक दागिना. दुसऱ्यासाठी दुसरं हाड.

फरक होता तो फक्त आकार करण्यात. मामा खरा शंख घेत, हाडात दाबत आणि उचलून घेत. काका खरा शंख समोर ठेवत आणि त्याच्याकडे बघून हाडात कोरणीनं कोरत. हा फरक काकांनी एकतीस वर्षांत कुणालाही विसरू दिला नव्हता.

"दाबायला काय लागतं?" ते गिऱ्हाइकाला सांगत, समोरच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या खासगी आवाजात. "दोन अंगठे. ते माकडालाही असतात. कोरायला डोळा लागतो."

मामा हे ऐकत, चष्मा काढत, शर्टाच्या टोकानं पुसत आणि हसत. काका त्या हसण्याला पराभवाची कबुली समजत.

काकांना आयुष्याकडून फारसं काही नको होतं. पोट भरत होतं, गुडघे अधूनमधून ऐकत होते, काकूंशी पटत होतं, निदान काकूंचं काकांशी पटत होतं. हवी होती एकच गोष्ट. जकातीच्या जुन्या गोदामावर दोन खोल्यांचं एक सागरी संग्रहालय होतं. तिथे बोटींचे नमुने होते, गंजलेली दुर्बीण होती, पेंढा भरलेला एक समुद्रपक्षी होता, ज्याचा एक डोळा नंतर बसवलेला असल्यानं तो सतत आश्चर्यचकित दिसे. ह्या मंडळींच्या शेजारी, काचेमागे, आपला एक शंख असावा, एवढीच काकांची इच्छा होती. कुठल्याही समुद्रपक्ष्यापेक्षा आपण काचेमागे बरे दिसू, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आणि त्या वर्षी संग्रहालयानं ठरवलं, की नव्या कपाटात गावातल्या कारागिराचा एक दागिना ठेवायचा. एकच. तो निवडायला संग्रहालयाच्या बाई मंगळवारी गल्लीत येणार होत्या.

बाई आल्या त्या आधी मामांच्या दुकानात शिरल्या. पंधरा मिनिटं आत होत्या. बाहेर पडल्या तेव्हा हात रिकामे होते, पण काका खाकरले नाहीत. प्रसंगाचं गांभीर्य त्यांना कळत होतं.

बाई बारीक होत्या, केस आखूड, गळ्यात दोरीला भिंग. काकांनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. काकांनी डोळा आणि अंगठे ह्यावरचं प्रास्ताविक सुरू केलं, तेही त्यांनी घेतलं नाही. त्या काचेच्या पेटीवर वाकल्या, गळ्यातल्या साखळीचा एक लोलक उचलला, अंगठ्याच्या पेराएवढा मळसूत्री शंख, आणि तो टोक वर करून भिंगाखाली धरला. मग त्यांनी दुसरा उचलला. मग तिसरा. मग खुर्ची घेतली.

"हे कशावरून केलेत?"

"शंखावरून," काका म्हणाले.

"खऱ्या?"

"बाई, समोर खरा असल्याशिवाय आपण कोरणीला हात लावत नाही."

"आणि तो खरा शंख कुठला?"

"इथलाच. आपल्या किनाऱ्यावरचा."

"तुमच्याकडे आहे अजून?"

"एक?" काका उदारपणे हसले. "बरणीभर आहेत."

बाईंनी पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायल्यावर त्या म्हणाल्या, की असला एक शंख बघायला मिळावा म्हणून त्यांच्या सरांनी हयातभर किनारे पालथे घातले होते आणि तो न बघताच ते गेले. काकांना सरांच्या नजरेविषयी वाईट वाटलं. आपला दागिना कपाटात मधोमध राहील, बाई सांगत होत्या, शेजारी मूळ शंख राहील, आणि त्या वरच्या कचेरीलाही कळवणार होत्या. शनिवारी सकाळी दहाला त्या दोन्ही वस्तू न्यायला येतील. जाताना त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांनी धरून हलवला.

उरलेला मंगळवार काकांनी दाराशी उभं राहून काढला. बातमी विचारायला कुणी आलं नाही तर ते स्वतः जाऊन सांगून येत. मामा आपणहून आले.

"अभिनंदन, भावोजी."

"अरे, तुझाही नंबर लागेल कधीतरी. त्यांना शेवटी काय, डोळा लागतो."

"त्यांनी मूळ शंखही मागितला म्हणे?"

"मागणारच. जोडीनं बघायला."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ह्या वेळी ते हसले नाहीत. "ताई आहे का घरात?" एवढंच विचारून ते मागच्या दारानं आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

बुधवारी सकाळी काकांनी बरणी काढली. लोलकाला शोभेलसा एक शंख निवडून ठेवावा, असा बेत होता. त्यांनी काळी मखमल अंथरली, लोलक ठेवला, शेजारी बरणीतला सर्वांत देखणा शंख ठेवला, दोघांची टोकं वर केली आणि कौतुकानं मागे रेलले.

काहीतरी बिनसलं होतं. भिंतीवरची तसबीर तिरकी असली की बिनसतं तसं.

त्यांनी शंख फिरवला. उलटा केला. परत सरळ केला. खऱ्या शंखाचं तोंड उजवीकडे होतं. चांदीच्या शंखाचं तोंड डावीकडे होतं. त्यांनी दुसरा शंख घेतला. तोंड उजवीकडे. तिसरा. उजवीकडे. तासाभरात बरणी रिकामी झाली. त्रेचाळीस शंख ओळीनं मखमलीवर उभे होते आणि त्रेचाळीसही उजवीकडे तोंड करून होते. मग काकांनी पेटी उघडून चांदीचे सगळे शंख समोर मांडले. ते सतरा होते आणि डावीकडे तोंड करून होते. लग्नाच्या बोलणीला दोन घरची माणसं रुसून बसावीत, तसं ते मखमलीवरचं दृश्य दिसत होतं.

कारण कळायला काकांना आणखी एक मिनिट लागलं, आणि ते मिनिट फार लांब होतं. होडीवाल्यांना ते नावाचे शिक्के करून देत. शिक्क्यावरची अक्षरं उलटी कोरायची असतात, मग ती सरळ उमटतात, हे त्यांना झोपेतही येत होतं. उलटी अक्षरं कोरण्याबद्दल त्यांची ख्याती होती. शंख मात्र ते समोर दिसेल तसा, सुलटाच कोरत आले होते. शंखाला काही वाचायचं नसतं, त्यामुळे तो उलटा होतो हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. कोरलेलं हाड चांदीबरोबर जळून जाई, म्हणजे शेजारी ठेवून बघायलाही मागे काही उरत नसे. आणि मामांचा शंख? तो खऱ्यावरूनच दाबलेला, म्हणजे खऱ्यासारखाच निघे. माकडालाही काढता येईल असा.

म्हणजे बाईंना वाटत होतं, की ह्या गावात डाव्या तोंडाचे खरे शंख बरणीभर मिळतात. निसर्गात असला शंख हजारांत एखादा निघतो, काही जातींत लाखांतही नाही, हे काकांना अंधुक ऐकून ठाऊक होतं. तो शनिवारपर्यंत हवा होता.

गुरुवारी उजाडताच काका किनाऱ्यावर होते. ओहोटीची रेघ धरून ते वाकून चालत होते. एक शंख उचलावा, टोक वर करावं, बघावं, टाकावा. संध्याकाळपर्यंत त्यांनी कंबरेत न वाकणाऱ्या माणसासाठी फार मोठं अंतर कापलं. काकूंनी पाठीला तेल लावताना एवढंच विचारलं, "ह्या वयात शिंपले वेचायला डॉक्टरांनी सांगितलं का?"

"व्यायाम," काका उशीत बोलले.

शुक्रवारी सकाळी ते पुन्हा गेले. अर्ध्या तासानं मान वर केली तर थोड्या अंतरावर आणखी एक माणूस विजार वर दुमडून वाकून चालत होता. उचलत होता, बघत होता, टाकत होता. मध्येच चष्मा पुसत होता.

काका तरातरा गेले. "तू इथे काय शोधतोयस?"

"तुम्ही शोधताय तेच."

"मी काय शोधतोय ते तुला काय माहीत?"

"डाव्या तोंडाचा," मामा म्हणाले. "पण खरं सांगू? नाही मिळायचा, भावोजी. मी काल दुपारीही पलीकडच्या टोकाला बघून गेलो."

काकांनी हातातला शंख टोक वर करून बघितला आणि टाकला.

"तुला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही पहिला शंख ओतलात ना, त्या दिवशी."

"एकतीस वर्षांपूर्वी?"

"बत्तीस होतील आता."

काका ओल्या वाळूत बसले. बसल्यावर वाळू ओली आहे हे त्यांना कळलं, पण आता उठण्यात अर्थ नव्हता. एवढ्यात काकू आल्या. एका हातात थरमॉस, दुसऱ्यात तीन पेले. तीन. म्हणजे ह्यांचं ठरलेलंच होतं तर.

"तुलाही माहीत होतं?" काकांनी विचारलं.

काकूंनी आधी चहा ओतला. मग गळ्यातली साखळी पदराबाहेर ओढली. साखळीत काकांनी केलेला पहिला शंख होता, लग्नाच्या आधीचा, जरासा बोजड आणि कडांना घासकाम राहिलेला. तोंड डावीकडे.

"दुसऱ्या दिवशीच दिसलं मला. मी शंखांच्या घरातली, अहो. आंघोळीच्या आधी शंख धुवायचे मी." त्या पेला त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "मी बाबांना विचारलं, ह्याला सांगू का. बाबा म्हणाले, अजिबात नको."

बाबा म्हणजे काकांचे सासरे, आणि त्याआधी त्यांचे उस्ताद. काका काम शिकले ते त्यांच्याच हाताखाली. ते स्वतः शंख दाबत. शिकाऊ पोरानं दाबायचं सोडून कोरायचं काढलं तेव्हा ते काही बोलले नव्हते, आणि त्यावरून आपण उस्तादाच्या पुढे गेलो असा काकांनी निष्कर्ष काढला होता.

"का नको?"

"म्हणाले, सांगितलं तर हा उद्यापासून आरशात बघून कोरेल आणि हात आखडेल. आत्ता हात चालतोय, चालू दे. शंखाला तरी कुठे कळतंय." काकूंनी भावाकडे बोट दाखवलं. "ह्यालाही शपथ घातली. हा फार चुळबुळ करायचा."

काका मेहुण्याकडे बघत राहिले. "आणि बत्तीस वर्षं मी तुला माकड म्हणत होतो."

"तसं नाही म्हणालात तुम्ही. अंगठे माकडालाही असतात म्हणालात," मामांनी दुरुस्ती केली. "ते बरोबरच आहे. मी चौकशी केली."

काकांना रागावायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. त्यांच्या डोळ्यांपुढे गाव आलं. दीपगृहवाल्याची बायको, बँकेतल्या दोघी, पोस्टातली नवी मुलगी, उन्हाळ्यात येऊन जाणारे अनोळखी लोक, सगळ्यांच्या गळ्यात डावीकडे तोंड केलेले शंख. आणि उद्या दहा वाजता बाई.

"सोपं आहे," मामा म्हणाले. त्यांनी विचार करून ठेवला होता. "मूळ शंख फुटला म्हणायचं. बरणी पडली. मांजर आलं होतं. मांजर मी बघितलं, अशी मी साक्ष देतो. लोलक कपाटात जाईल, शंखावाचून त्यांचं अडणार नाही."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर अडेल. मग कपाटात काय ठेवणार? चूक?"

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेले समुद्राच्या पाण्यात विसळले आणि थरमॉसचं झाकण घट्ट लावलं. एकतीस वर्षांच्या संसारात काकांना एक कळलं होतं: ही बाई गप्प राहिली की तिचं मत पक्कं असतं.

शनिवारी बाई दहाला पाच कमी असतानाच आल्या. हातात एक छोटी लाकडी डबी होती. त्यांनी ती उघडून दाखवली. आत कापूस होता आणि कापसात शंखाएवढा खळगा त्यांनी स्वतः बोटानं करून आणला होता. काकांनी मांजराची सगळी गोष्ट पाठ केली होती, मांजराचा रंगही ठरला होता. तो खळगा बघितल्यावर ती त्यांच्या घशातच राहिली.

"बाई," ते म्हणाले, "असा शंख नाही. कधीच नव्हता."

आणि त्यांनी सांगितलं. शिक्के, अक्षरं, हाड, त्रेचाळीस आणि सतरा, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा ते समोर ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलत होते, पण समोरचा माणूस आत येऊन दाराशीच उभा होता, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

बाईंनी डबीचं झाकण लावलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या फक्त चार दिवसांत थोड्या उंच झाल्या होत्या, त्या परत होत्या तेवढ्या झाल्या.

"मला वाटलं होतं..." त्या म्हणाल्या.

"दाखवतो तरी," काका म्हणाले. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि काही सुचलं नाही की ते कोरत. त्यांनी एक हाड चिरलं, बरणीतला शंख समोर ठेवला आणि कोरणी उचलली. पांढरा भुगा मांडीवर पडू लागला. आधी टोक, मग वेटोळी, एकेक वेटोळं आधीच्याहून फुगीर, मग ओठ बाहेर वळलेलं तोंड. वीस मिनिटं कोरणी थांबली नाही. हात अजिबात आखडला नव्हता.

त्यांनी फुंकर मारली आणि हाड पुढे केलं. "हे असं. आता ह्यात चांदी ओतली, की फिरतं."

बाईंनी भिंग लावलं. हाडातला शंख त्यांनी बघितला, मग शेजारचा खरा, मग लोलक. पुन्हा हाड.

"हे तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तोंड उजवीकडेच आहे."

"आहे ना," काका म्हणाले.

"आणि ओतल्यावर हे जळणार?"

"जळतं. राहत नाही."

"मग ओतू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी डबी पुन्हा उघडली होती. "हे हाड मला द्या. आणि हा लोलक. दोन्ही शेजारी ठेवते. पेंढा भरलेले पक्षी सगळीकडे आहेत हो. समोर असलेलं बरोबर बघून, बरोबर कोरून, उलटं काढणारा माणूस माझ्या बघण्यात नाही."

ही स्तुती आहे की नाही, हे काकांना नीट कळलं नाही, पण डबीत हाड जाताना त्यांनी बघितलं. मग ते खाकरले.

"एक अट आहे."

काकूंनी आतून डोकं बाहेर काढलं.

"तिथे समोरच्या दुकानातलाही एक शंख ठेवायचा. दाबलेला."

"एकच वस्तू ठरली होती," बाई म्हणाल्या. "आता दोन होतायत, तीन म्हणजे..."

"त्याशिवाय लोकांना कळणार कसं," काका म्हणाले, "की सरळ कसा असतो?"

मामा चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

दोन महिन्यांनी कपाट उघडलं. आत काळ्या कापडावर तीन वस्तू आहेत: कोरलेलं हाड, काकांचा लोलक, मामांचा शंख. खालच्या पाटीवर बाईंनी सगळं तीन ओळींत लिहिलंय आणि 'चूक' हा शब्द कुठेही वापरलेला नाही, ह्याची काकांनी दोनदा वाचून खात्री करून घेतली. रविवारी दुपारी ते तिथे जातात आणि कपाटाजवळ सहज उभे असल्यासारखे उभे राहतात. कुणी वाकून बघू लागलं, की ते हाडाकडे बोट करतात. "हे बघा. कोरलेला बरोबरच आहे. उलटं काय ते चांदीनं केलंय." त्यांच्या पाठीमागे समुद्रपक्षी आश्चर्यानं ऐकत असतो.

काकूंना त्यांनी एकदा विचारलं, की गळ्यातला तो जुना बोजड शंख मोडून नवा, सुलटा करून देऊ का.

"नको," काकू म्हणाल्या. "सुलटा हवा असता तर भावाकडून फुकट मिळाला असता. लग्न कशाला केलं असतं?"

परवा दुकानात एक जोडपं आलं. मुलीनं शंख उचलला, फिरवला आणि म्हणाली, "काका, ह्यातच उजव्या तोंडाचा आहे का?" ती संग्रहालयातून आली असावी.

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे. पुढचं बोलायला जड गेलं, पण फार नाही.

"तो समोर मिळेल," ते म्हणाले. "चांगला करतो. अंगठे आहेत त्याला."

जोडपं रस्ता ओलांडून मामांच्या दारात पोचायच्या आतच, पलीकडून मोठ्यानं खाकरल्याचा आवाज आला. गिऱ्हाईक तर आपणहून आत येत होतं, त्यामुळे खाकरायची खरं म्हणजे काही गरज नव्हती. काकांनीही एकदा खाकरून घेतलं आणि नवं हाड चिरायला घेतलं.